कडेवरच्या लेकरासाठी पाऊण मीटर

प्रति,
मा. आयुक्त व नगररचना विभाग, सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका,
तसेच सांगली-मिरज परिसरातल्या सर्व सुपरमार्केटचे मालक आणि व्यवस्थापक

विषय: लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी पार्किंगमध्ये जागा राखून ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

पगार झाल्यानंतरचा पहिला शनिवार, संध्याकाळचे सात. सांगली-मिरज रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या दुकानाचं आवार बघा. चारचाकीच्या दहा-वीस जागा, त्यांच्या कडेनं दुचाक्यांची न संपणारी ओळ, शिट्टी तोंडात धरलेले मामा, आणि गेटातून आत येणारी एक मोपेड. पुढं पायाजवळ अडीच वर्षांचं पोर उभं आहे, चालवणारी बाई एकटीच आहे. मामा हातानं खुणावतात, "ताई, अजून आत घ्या, अजून एक बसतीय." ती गाडी आत घुसवते. हँडलला हँडल लागतं. आता पोराला उतरवायचं कुठं?

या पत्रात आहे ते एवढ्या 'कुठं'चं उत्तर. आम्ही पार्किंग आखणारे, ब्लॉक बसवणारे, पट्टे मारणारे आणि गाड्या लावून घेणारे लोक आहोत. लहान मुलं असणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवाव्यात का, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर 'हो' आहे. मात्र ब्रिटनमध्ये टेस्को किंवा सेन्सबरी या सुपरमार्केटांच्या दारात ज्या जागा दिसतात, त्या उचलून इथं ठेवल्या तर त्यांचा सांगलीला फारसा उपयोग नाही. तिथल्या जागा मोटारींच्या आहेत, रुंद आहेत, दाराजवळ आहेत आणि दुकानानं आपणहून दिलेल्या आहेत. कायद्याचा आधार तिथंही फक्त अपंगांच्या जागांना आहे. आपल्याकडं महिन्याचा बाजार भरायला येणारी कितीतरी कुटुंबं दुचाकीवर येतात. त्यामुळं आमची मागणी उलट्या टोकानं सुरू होते: आधी मोपेड, मग मोटार. आणि आधी रुंदी, मग रस्ता. दार जवळ असलं तर असलं.

दुचाकीपासून सुरुवात करू.

२०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दुचाकीला १ बाय २ मीटर जागा धरली आहे. नकाशावर ती तशी दिसते, आवारात दिसत नाही. मोपेड हँडलच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर भरते. गर्दीच्या वेळी मामा ६५ सेंटिमीटरला एक या हिशेबानं गाड्या बसवतात, म्हणजे एकीचं हँडल दुसरीच्या आरशाखाली सरकवून. त्यांचा दोष नाही, त्यांना गेटाबाहेर रस्त्यावर लागलेली रांग दिसत असते. पण एकट्या तरुणाला जी दाटी नुसती अडचणीची वाटते, ती मुलाला धोक्याची असते. का, ते नीट बघण्यासारखं आहे.

मोपेडचा साईड स्टँड डावीकडं असतो, सायलेन्सर उजवीकडं. माणूस डावीकडं उतरतो, मूलही डावीकडंच उतरवलं जातं. ओळीतल्या सगळ्या गाड्यांची तोंडं एकाच दिशेला असली, की आपल्या डाव्या हाताला शेजारच्या गाडीची उजवी बाजू येते, म्हणजे तिचा सायलेन्सर. ती गाडी पाच मिनिटांपूर्वी आलेली असली तर तो चांगलाच तापलेला असतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाची पोटरी, गुडघा, मांडी बरोबर त्याच उंचीला येते. मोठ्या माणसाला चटका बसतो तो पँटवरून. मुलाच्या अंगात चड्डी असते.

दुसरी अडचण निघताना येते. साधारण ११० किलोची गाडी स्टँडवरून सरळ करायला आणि मागं ओढायला दोन्ही हात लागतात. म्हणजे तेवढे पाच-सात सेकंद मुलाचा हात सुटलेला असतो, आणि तोही नेमका मोटारी मागं-पुढं होत असतात त्या वाटेवर. मुलाला आधीच पुढं उभं केलं तर गाडीचं वजन वाढतं आणि तोल बिघडतो. त्यात उजव्या हँडलला पाच किलो आट्याची पिशवी अडकवलेली असली, तर गाडी सरळ होता होता उजवीकडं जाते. त्या बाजूला शेजारची गाडी आहे, तिच्या पलीकडं आणखी एक. दुचाकींची ओळ पत्त्यांसारखी पडताना बहुतेकांनी पाहिली असेल. मधे मूल नसेल तर आपण हसून सोडून देतो.

तिसरी गोष्ट उताराची. ही आखणाऱ्यांची चूक आहे आणि ती आम्ही लोकांनीच वर्षानुवर्षं केली आहे. पावसाचं पाणी कंपाउंडच्या भिंतीलगतच्या गटारीत जावं म्हणून फरशीला भिंतीकडं उतार देतात. गाड्या भिंतीकडं तोंड करून लागतात. म्हणजे गाडीचं तोंड उतारावर खाली येतं. साईड स्टँड मिटताना मागं जातो, त्यामुळं गाडी थोडी जरी पुढं घरंगळली तरी स्टँड आपोआप मिटू लागतो आणि गाडी कलते. शिवाय निघताना ती चढावर मागं ओढावी लागते. उतार उलटा हवा: पुढचं चाक किंचित वर, मागचं खाली. पन्नासाला एक एवढा उतार पुरतो, म्हणजे दोन मीटरच्या जागेत चार सेंटिमीटर. मग गाडी स्टँडवर घट्ट बसते आणि निघताना हलक्या हातानं मागं येते. पाणी वाटेच्या बाजूला येईल, ते जाळीच्या चॅनेलमध्ये घ्यायचं. जाळीची भोकं १२ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. नाहीतर बाबागाडीचं चाक त्यात जातं.

मग जागा किती द्यायची? आमचा हिशेब असा आहे. मोपेडसाठी मध्यापासून मध्यापर्यंत १.६ मीटर. दोन जागांच्या मधे पाइपचा उलट्या 'यू' आकाराचा दांडा. हा दांडा फार महत्त्वाचा आहे, कारण नुसती रंगाची रेघ आपल्याकडं कुणी मानत नाही. दीड मीटर मोकळा दिसला की तिसरी गाडी तिथं घुसणारच. दांडा असला की घुसत नाही. दोन इंची जीआय पाइप, जमिनीवर ९० सेंटिमीटर उंच, ६० सेंटिमीटर लांब, दोन्ही पाय ३० सेंटिमीटर काँक्रीटमध्ये. एका दांड्याला ३ मीटर पाइप लागतो, बाजारात पाइप ६ मीटरचा मिळतो, म्हणजे एकात दोन दांडे, तुकडा वाया जात नाही. दांड्याला जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर एक इंची पाइपचा आडवा तुकडा वेल्ड करा. तो मुलासाठी आहे. आई गाडी काढत असताना "दांडा धरून उभा राहा" असं सांगता येतं, आणि धरायला काहीतरी दिलं की मूल बहुतेक वेळा उभं राहतं. पांढरा ऑइलपेंट द्या, काळा देऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात काळा पाइप हातात धरवत नाही. वेल्डिंगच्या कडा घासून घ्यायला मात्र विसरू नका, तो हात दोन वर्षांच्या मुलाचा असणार आहे.

गाडी जागेच्या मधोमध लावायची नाही. उजव्या दांड्यापासून ४५ सेंटिमीटरवर चाकासाठी एक रेघ मारायची आणि चाक त्या रेघेवर घ्यायचं. मग सायलेन्सर दांड्याच्या बाजूला जातो आणि डावीकडं पाऊण मीटर मोकळा राहतो. एवढ्या जागेत मोठं माणूस मुलासमोर वाकू शकतं, उकिडवं बसू शकतं. शीर्षकातलं पाऊण मीटर ते हेच.

आता बोलायचं तर पूर्ण बोललं पाहिजे: यात जागा जाते. अशा १० जागांना १६ मीटर लांबी आणि ११ दांडे लागतील. त्याच १६ मीटरमध्ये नियमानं १६ गाड्या बसतात आणि मामांच्या हातानं २४. म्हणजे गर्दीच्या वेळी १४ गाड्यांची जागा जाणार. ती कुठून काढायची? दुकानातल्या कामगारांच्या गाड्यांमधून. सकाळी सगळ्यात आधी येतात त्या त्यांच्याच गाड्या, आणि साहजिकच सावलीतल्या, दाराजवळच्या जागा धरून रात्रीपर्यंत उभ्या असतात. त्या मागच्या बाजूला, माल उतरवण्याच्या आवाराकडं नेल्या तर बरीचशी भरपाई तिथंच होते. मात्र रात्री दहाला सुटणाऱ्या मुलींना मागच्या अंधारात पाठवू नका, आधी तिथं दिवा लावा.

आणखी एक गोष्ट, जी कुणाच्या लक्षात येत नाही. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत १५ फेब्रुवारी २०२२ रोजी दुरुस्ती झाली आणि वर्षभरानं ती लागू झाली. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना मोठ्या माणसाशी बांधणारा हार्नेस आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नियम चांगला आहे. पण तो हार्नेस बांधायचा कुठं, हे कुणी सांगितलेलं नाही. त्याचे पट्टे मुलाच्या खांद्यावरून घेऊन मोठ्या माणसाच्या अंगाला आवळायचे असतात. मूल स्थिर आणि थोडं उंचावर असल्याशिवाय ते जमत नाही. हलत्या पोराला, गाडी मांडीनं सावरत, पिशव्या पायाशी ठेवून हे करून बघा. म्हणून या जागांच्या डोक्याशी, भिंतीला लागून, एक कट्टा बांधा: ४५ सेंटिमीटर उंच, ४० सेंटिमीटर खोल, कडा गोल केलेल्या. मुलाला त्यावर उभं करायचं, पट्टे बांधायचे, हेल्मेट घालायचं, मग गाडीवर घ्यायचं. कट्ट्यावर टपोरी पोरं बसतील ही भीती खरी आहे. कोटा फरशीऐवजी खडबडीत काँक्रीट ठेवलं तर फार वेळ कुणी बसत नाही.

आता मोटारी. इथं काम सोपं आहे.

नियमावलीतली मोटारीची जागा २.५ बाय ५ मीटर. मोटार साधारण पावणेदोन मीटर रुंद असते. शेजारी शेजारी दोन उभ्या राहिल्या की मधे पाऊण मीटर उरतो, तोही दोन्ही चालकांनी गाडी बरोबर मधोमध लावली तर. मागचं दार पूर्ण उघडायला ९० सेंटिमीटर ते एक मीटर लागतो. पाऊण मीटरच्या फटीत मोठं माणूस कंबर वळवून आडवं उतरतं. पण चाइल्ड सीटवर झोपलेलं बाळ पट्टा सोडवून उचलायला दार पूर्ण उघडलंच पाहिजे आणि दोन पाय टेकायला जागा पाहिजे. मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली हजार रुपये दंड आहे. पण पट्टा लावायलाच जागा नसली की लोक काय करतात ते आपण रोज बघतो: मूल पुढं मांडीवर.

उपाय असा. सलग तीन जागा घ्या. त्यांची रुंदी ७.५ मीटर. त्यात २.५ मीटरच्या दोन जागा आणि मधे दोघांना मिळून १.२ मीटरचा तिरप्या पट्ट्यांचा भाग ठेवा. हे झाले ६.२ मीटर. उरलेल्या १.३ मीटरमध्ये चालायची वाट काढा, जी थेट दाराकडं जाते. म्हणजे मोटारीची एकच जागा गेली आणि दोन रुंद जागा अधिक एक पायवाट मिळाली. तीस मोटारींच्या आवारात एवढं एकदा केलं तरी सध्या पुरे. खांबांच्या मधली जागा यासाठी निवडू नका. नकाशावर ती २.५ मीटर असते आणि खांब नेमका मागच्या दाराशी येतो.

पट्ट्यांच्या भागाची वाट दोन गोष्टींनी लागते: दुचाकी आणि रिकामी ट्रॉली. दुचाकीला अडवायला तोंडाशी मधोमध एक खुंटा पुरतो. ट्रॉलीचं कारण जरा वेगळं आहे. सामान डिकीत भरून झालं, मूल सीटवर बांधून झालं, आता ट्रॉली परत कोण नेणार? ट्रॉली ठेवायची जागा पन्नास पावलांवर असली तर पालकासमोर दोनच वाटा उरतात: मुलाला बंद गाडीत सोडून जायचं किंवा ट्रॉली तिथंच टाकायची. शहाणा माणूस ट्रॉली टाकतो, आणि त्यानं टाकावीच. उन्हात उभी असलेली बंद मोटार काही मिनिटांत आतून तापते. मुलाला तिथं एकटं ठेवणं हा पर्यायच नाही. म्हणून ट्रॉलीचा कठडा या जागांपासून पाच-सहा पावलांवर हवा, जिथून गाडीचं दार डोळ्यांसमोर राहील.

पण आपल्याकडं बऱ्याच दुकानांत ट्रॉली गाडीपर्यंत येतच नाही. बिलावर शिक्का बसला की दारातच "ट्रॉली इथंच ठेवा". पुढं पायऱ्या असतात, ट्रॉली हरवण्याची भीतीही असते, दोन्ही समजण्यासारखं आहे. मग महिन्याचा किराणा दोन हातांत आणि मूल कुठल्या हातात? दारातली पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर बाराला एक या उतारानं १.८ मीटरचा रॅम्प लागतो. एवढी जागा जवळजवळ प्रत्येक दारात असते, फक्त तिथं सध्या 'एकावर एक मोफत'चा मांडव किंवा आइस्क्रीमचा फ्रीज असतो. आणि मोपेडवाल्या ताईला ट्रॉलीचा उपयोग अर्धाच. तिच्यासाठी दुकानातल्या एका पोरानं पिशव्या गाडीपर्यंत आणून द्याव्यात, ती मुलाला बांधून बसेपर्यंत पिशव्या धराव्यात आणि मग मागं सीटवर किंवा हुकाला लावून द्याव्यात. मोपेडवर पायाजवळची जागा एकच असते. तिथं मूल उभं राहील किंवा तेलाचा डबा. दुकानं आट्याच्या पाच किलोच्या पिशवीवर ऑफर देतात तेव्हा ती पिशवी गाडीवर कुठं बसणार, हाही हिशेब त्यांचाच असायला हवा.

आता आमच्यातसुद्धा वाद झालेली गोष्ट: या जागा दाराजवळ हव्यात का? बहुतेकांना तसंच वाटतं. आमच्या मते नकोत. दाराजवळ रिक्षा थांबतात, माणसं उतरतात, मोटारी मागं येतात, माल घेऊन हातगाडी जाते. दोन वर्षांचं मूल साधारण ८५-८७ सेंटिमीटर उंच असतं. मोठ्या एसयूव्हीच्या बॉनेटची कड त्याच्या डोक्याच्या वर असते, आणि मागच्या काचेतून तर ते दिसतच नाही. म्हणून चाळीस मीटर लांब, पण मोटारींची वाट न ओलांडता दारापर्यंत नेणारी जागा, ही दारासमोर दहा मीटरवरच्या पण मधे वाट ओलांडायला लावणाऱ्या जागेपेक्षा चांगली. पायवाट दीड मीटर रुंद ठेवा, म्हणजे बोटाला मूल धरून दोघं शेजारी चालतील आणि समोरून येणाऱ्याला अंग चोरून जाता येईल. वर मोटारींसाठी म्हणून सांगितलेला १.३ मीटरचा तुकडा या मुख्य वाटेला येऊन मिळतो, तेवढ्यापुरता तो चालेल. वाट ओलांडल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर ओलांडण्याची जागा ७५ ते १०० मिलिमीटर उचलून घ्या. पट्टे पुसले जातात, उंचवटा पुसला जात नाही.

दाराजवळच्या जागा अपंगांच्या आहेत, आणि त्या हलवून किंवा कमी करून आम्हाला काहीही नको. त्यांच्यामागं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम उभा आहे. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत त्या जागेची रुंदी ३.६ मीटर आणि दारापासूनचं अंतर ३० मीटरच्या आत असं दिलेलं आहे. ज्या दुकानात ही जागा अजून नाही, किंवा आहे आणि तिच्यावर खोक्यांची थप्पी आहे, त्या दुकानानं आधी ती मोकळी करावी, मग आमचं पत्र पुढं वाचावं. म्हाताऱ्या माणसांना जवळीक आणि हाताला कठडा लागतो, रुंदी कमी असली तरी चालते. मुलाला रुंदी आणि मोटारींपासून सुटका लागते, चाललं तरी चालतं. गरजा वेगळ्या आहेत म्हणूनच एकाच आवारात तिघांची सोय लागू शकते. "मग म्हाताऱ्यांनी काय घोडं मारलंय?" या प्रश्नावर आमचं उत्तर एवढंच आहे.

नावाबद्दल थोडं. फलकावर 'महिलांसाठी' लिहू नका, गुलाबी रंगही नको. दक्षिण कोरियातल्या सोल शहरानं २००९ पासून बायकांसाठी गुलाबी रेघांच्या जागा ठेवल्या होत्या; २०२३ पासून त्या कुटुंबासाठीच्या केल्या, गरोदर बायका आणि लहान मुलं घेऊन येणारे सगळे त्यात आले. आपण पहिल्यापासूनच तसं करू. इथं नातवाला घेऊन आजोबा येतात, भाच्याला घेऊन मामा येतो. 'पालकांसाठी राखीव' असं लिहिलं तर दहावीतल्या मुलाचा बापही पालकच की. मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत, ते वापरा: "कडेवर किंवा बोटाला लहान मूल असेल तरच इथे गाडी लावा. गरोदर महिलांसाठीही." मूल आज बरोबर नसेल तर जागा घ्यायची नाही, हे त्यातच आलं. वयाची रेघ मारायचीच असेल तर पहिलीत जाण्याआधीची मुलं अशी मारा. मामांना दाखला मागायची वेळ येणार नाही, नजरेला कळतं. चित्र भिंतीवरच्या फलकावर काढा. जमिनीवर काढलं तर चाकांखाली सहा महिन्यांत पुसलं जातं. रंग निळा सोडून कुठलाही, निळा अपंगांच्या जागेचा आहे.

रेघांचंही तसंच आहे. पेव्हर ब्लॉकवर मारलेला रोड पेंट पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो, कारण सांध्यांतून ओल वर येते. मे महिन्यात घाईनं पट्टे मारू नका, दिवाळीच्या सुमारास फरशी पूर्ण वाळल्यावर मारा. नवीन ब्लॉक बसवणार असाल तर रेघेच्या जागी रंगीत ब्लॉकच बसवा. रंग विटला तरी रेघ राहते. वाहनांच्या जागी ब्लॉक ८० मिलिमीटरचा घ्या, ६० चा पायवाटेला. मोटारीखाली ६० चा बसवला की दोन पावसाळ्यांत खळगे पडतात आणि मोपेडचा स्टँड नेमका त्यात रुततो.

नियम मोडणाऱ्याचं काय? खासगी आवारात अशा जागेवर गाडी लावली म्हणून पोलीस दंड करू शकत नाहीत, आणि आम्ही तशी मागणीही करत नाही. दंडाची पाटी लावून दंड न करण्यानं पाटीची किंमत जाते. जागा टिकते ती दोन गोष्टींवर: दांडे आणि मामा. जागेत कोन ठेवून बाईला गाडीवरून उतरून तो बाजूला करायला लावू नका. मग कोन ठेवण्याचा उद्देशच गेला. गेटावरच्या मामांनी आत येणारी गाडी बघायची, मूल दिसलं की हातानं त्या बाजूला वळवायची. मामांना हे एकदा सांगून भागत नाही. शनिवार-रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ एक माणूस त्याच बाजूला उभा हवा आणि त्याला दुकानानं तोंडी नव्हे, लेखी सांगितलेलं हवं. नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी "मालकाला फोन लावू का?" म्हणतो आणि मामा जागा सोडतात. पगार कमी, अधिकार शून्य आणि शिव्या सगळ्यांच्या, अशा नोकरीतल्या माणसाकडून हिंमतीची अपेक्षा करायची तर पाठीशी कागद द्यावा लागतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी या जागा सगळ्यांना खुल्या ठेवल्या तरी हरकत नाही. भर दुपारी रिकाम्या दिसणाऱ्या राखीव जागेइतका कुणाचा राग येत नाही.

महापालिकेकडं आमची मागणी छोटी आहे. नवा कायदा नको. बांधकाम परवान्याच्या नकाशात दाखवलेलं पार्किंग भोगवटा प्रमाणपत्र देताना आणि त्यानंतरही जागेवर आहे का, एवढं बघा. तळमजल्यावरच्या खांबांमधलं पार्किंग पत्रे मारून गोदाम झालं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस काढण्याचा अधिकार आपल्याकडं आहे. तेवढी जागा मोकळी झाली तरी आम्ही वर मागितलेल्या १६ मीटरसाठी कुणाची गाडी हलवावी लागणार नाही. आणि नवीन सुपरमार्केटचे नकाशे तपासताना आर्किटेक्टला एक प्रश्न विचारा: दुचाकीवरून आलेलं मूल उतरल्यावर दारापर्यंत कुठून चालेल? नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर नकाशा परत पाठवा.

दुकानदारांना आमची सूचना आहे की लगेच पाइप आणि रंग आणू नका. आधी फक्की मारून बघा. मैदानावर मारतात तीच, एक पोतं पुरतं. शनिवारी दुपारी चारला दोऱ्यानं १.६ मीटरच्या रेघा पाडा, दांड्यांच्या जागी वाळूनं भरलेले पत्र्याचे डबे ठेवा, कागदावर हातानं लिहिलेला फलक भिंतीला चिकटवा. पाच ते नऊ दर पंधरा मिनिटांनी एका वहीत तीन आकडे लिहा: या जागांत किती गाड्या, त्यांतल्या मूल असलेल्या किती, आणि त्याच वेळी मूल घेऊन आलेल्या पण दुसरीकडं दाटीत लागलेल्या किती. असे चार शनिवार करा, त्यात पगाराचा एक यावाच. दहा जागा जास्त होतात का कमी पडतात, हे आमच्यापेक्षा ती वही नीट सांगेल. रविवारी सकाळी झाडू मारला की फक्की जाते.

टेप, दोरा आणि रेघा पाडायला हात आम्ही घेऊन येतो. फक्की आणि डबे तुमचे.

आपले,
सांगली-मिरजेतले पार्किंग आखणारे, रंगवणारे आणि सांभाळणारे काहीजण